लिनक्सवरील गेमनिर्मिती : ब्रेकपॉइंट निष्फळ ठरण्याची कारणमीमांसा

प्रस्तावना : जामखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी परवान्याच्या खर्चाविना गेमनिर्मिती शिकवावयाची असल्यास लिनक्स, 2014 मध्ये मुक्तस्रोत झालेले गोडो इंजिन व व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही साधने पुरेशी ठरतात. मात्र ब्रेकपॉइंट लावूनही गेम थांबत नाही, तेव्हा विद्यार्थी दोष स्वतःच्या आज्ञावलीतच शोधत राहतो. प्रस्तुत लेखात सी प्लस प्लस भाषेच्या संदर्भात या अडचणीच्या दोन कारणांचा विचार केला आहे.

विवेचन : कोड एडिटर स्वतः डीबगिंग करीत नाही, तो जीडीबी या डीबगरला सूचना देतो. यंत्रभाषेतील आज्ञा व मूळ ओळी यांचा मेळ घालण्यासाठी जीडीबीस डीबग सिम्बॉल लागतात. ते नसल्यास ब्रेकपॉइंटचे लाल वर्तुळ राखाडी व पोकळ होते. अशा वेळी डीबग स्वरूपात पुन्हा कंपाइल करावे.

दुसरे कारण परवानगीचे होय. उबुंटूमध्ये 2010 च्या 10.10 आवृत्तीपासून सामान्य प्रोसेसला केवळ स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसचे डीबगिंग करता येते. त्यामुळे जीडीबीमार्फत सुरू केलेला गेम थांबतो. गोडोमधून आधीच सुरू केलेल्या गेमशी जोडणी मात्र नाकारली जाते. ‘पीट्रेस स्कोप’चे मूल्य 1 वरून 0 केल्यास जोडणी होते, परंतु त्याच लॉगिनखालील इतर प्रोग्रॅमची मेमरी, पासवर्डसह, वाचता येऊ लागते. प्रयोगशाळेत सामायिक लॉगिन असल्यास हा धोका वाढतो.

निष्कर्ष : प्रथम सिम्बॉल, नंतर परवानगी व शेवटी आज्ञावली तपासावी. मूल्य न बदलता प्रकल्पाचा मार्ग देऊन गेम जीडीबीमार्फतच सुरू करणे अधिक श्रेयस्कर होय.