तार एक, फेज तीन

पेणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'रेल्वेच्या डोक्यावर तार एकच, तीही सिंगल फेज. मग इंजिनाच्या थ्री-फेज मोटारी फिरतात कशा?' त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात.

गंमत म्हणजे तारेतला इलेक्ट्रॉन पेणहून रोह्याला कधी पोचतच नाही. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात तो सेकंदाला ५० वेळा मागेपुढे झुलतो. धावते ती ऊर्जा. इलेक्ट्रॉनांची खरी धावपळ इंजिनातल्या सिलिकॉनमध्ये चालते. विद्युतक्षेत्र तीव्र असेल तर तिथे त्यांचा वेग सेकंदाला १०० किलोमीटरपर्यंत जातो!

पेणच्या खारबंदिस्तीतली उघाडी आठवा. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरतीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. सिलिकॉनचा डायोड असाच, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. उलटा दाब आला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) त्याच्यातल्या सांध्यापासून दूर सरतात, मधे वाहकच उरत नाहीत.

पण डायोड आपला हुकूम ऐकत नाही. तो ऐकतो आयजीबीटी नावाचा ट्रान्झिस्टर. त्याच्या गेटला १५ व्होल्ट दिले की ऑक्साइडच्या थराखाली इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि वाट तयार होते. समोरून होल शिरतात, एरवी अडून बसणारा थर वाहता होतो. व्होल्टेज काढलं की वाट मोडते. आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करून घेतलेल्या विजेवर अशा तीन जोड्या क्रमाने, सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि मोटारीला तीन फेज, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या तीन लहरी, मिळतात.

आयजीबीटी वापराजोगा करण्यात सिंहाचा वाटा जयंत बलिगा यांचा. मद्रास आयआयटीत शिकलेले बलिगा १९८०च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. आयजीबीटी बंद करताना आत साठलेले होल लवकर विरत नव्हते. बलिगांनी सिलिकॉनच्या चकतीवर इलेक्ट्रॉनांचाच मारा करून स्फटिकात मुद्दाम दोष निर्माण केले. त्या दोषांपाशी होल आणि इलेक्ट्रॉन चटकन एकत्र येऊन संपू लागले. निर्दोष स्फटिकासाठी जग धडपडत असताना सुचलेला हा उपाय मला विलक्षण वाटतो.

चिप म्हटलं की सगळं कौतुक मोबाइल आणि संगणकाच्या वाट्याला जातं. बलिगांना २०२४चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला, तरी आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पेण-रोह्याच्या विज्ञान शिक्षकांना विनंती: ट्रान्झिस्टर शिकवून झाला की मुलांना एकदा स्टेशनवर न्या, थ्री-फेज इंजिन सुटतानाचा चढता सूर ऐकवा, आणि तो या उघडझापीचा आहे हे सांगताना बलिगांचं नाव जरूर घ्या.