भुताचा वेष, तरुणांचे मन

लंडनला शिकणारा माझा भाचा सुट्टीत घरी आला तो नखशिखांत काळ्या कपड्यांत. त्याच्या खोलीतला गोंगाट ऐकून माझी धाकटी बहीण घाबरली. "दादा, पोर बिघडले की काय?"

मी त्याच्याजवळ बसून ऐकले. बँडचे नाव 'द डॅम्ड', म्हणजे शापित. १९७६ साली लंडनमध्ये तो उभा राहिला आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला त्याची 'न्यू रोझ' ही ब्रिटिश पंक बँडची पहिली तबकडी निघाली. गाणे जेमतेम पावणेतीन मिनिटांचे. ड्रम धावतात, गिटार करकरते, श्वास घ्यायला उसंत नाही. गायक डेव्ह व्हॅनियन पूर्वी कबरी खोदण्याचे काम करीत असे. रंगमंचावर पांढराफटक चेहरा, काळा वेष, जणू ड्रॅक्युलाच! आवाज मात्र खोल.

"भीती नाही वाटत?" मी विचारले.

"मामा, तिथे पहिल्या वर्षी एकटेपणाची भीती वाटली. इथे सगळे मिळून भीतीलाच हसतात."

आपणही आजीच्या भुताच्या गोष्टी एकमेकांना बिलगूनच ऐकल्या ना? मुलांचे संगीत बंद करण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसावे. बहिणीलाही मी तेच सांगितले.