शहराच्या मध्यवर्ती भागातील हॉटेल आणि महाविद्यालयीन चर्चासत्र : स्थळनिवडीचा विचार (पुणे शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयांची राज्यस्तरीय व राष्ट्रीय चर्चासत्रे दीर्घकाळ महाविद्यालयाच्या आवारातच भरत आली आहेत. बीजभाषण सभागृहात, समांतर सत्रे वर्गखोल्यांत, भोजन मांडवात आणि पाहुण्यांचा मुक्काम अतिथिगृहात, ही त्यांची रूढ व्यवस्था होय. अलीकडे मात्र शहराच्या मध्यवर्ती भागातील हॉटेलमध्ये चर्चासत्र घेण्याकडे कल वाढलेला दिसतो. महाविद्यालय शहराच्या सीमेवर असणे, परीक्षांमुळे सभागृह मोकळे नसणे, व्यवस्थेसाठी मनुष्यबळ अपुरे असणे ही त्याची सांगितली जाणारी कारणे आहेत. हॉटेलच्या नावामुळे निमंत्रणपत्रिकेला वजन येते, हे कारण सहसा इतिवृत्तात नोंदविले जात नाही. परंतु तेही असतेच.

स्थळ ठरले की खर्च ठरतो, खर्चावरून नोंदणीशुल्क ठरते आणि नोंदणीशुल्कावरून कोण येणार व कोण येणार नाही हे ठरते. पूर्णवेळ प्राध्यापकाला संस्थेकडून प्रवासखर्च मिळण्याची निदान शक्यता असते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला आणि संशोधक विद्यार्थ्याला हा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून करावा लागतो. ज्यांना शोधनिबंध वाचण्याची संधी सर्वाधिक हवी असते, तेच वाढलेल्या शुल्कामुळे प्रथम गळतात. म्हणून आयोजन समितीने हॉटेलची माहितीपुस्तिका उघडण्यापूर्वी अपेक्षित सहभागींची यादी समोर ठेवणे आवश्यक आहे. याच दृष्टीने प्रस्तुत लेखात स्थळनिवडीच्या काही बाबींचा पुणे शहराच्या संदर्भात विचार केला आहे.

मध्यवर्ती म्हणजे नेमके कोठे?

‘मध्यवर्ती’ हा शब्द नकाशापेक्षा प्रवाशावर अधिक अवलंबून आहे. सोलापूरहून रेल्वेने येणारा प्रतिनिधी पुणे स्थानकावर उतरतो. कोल्हापूर, सांगली, सातारा येथून एसटीने येणारा स्वारगेटला, तर नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या बाजूने येणारा शिवाजीनगरच्या स्थानकावर उतरतो. शिवाजीनगरचे हे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलविण्यात आले. त्यामुळे जुन्या सवयीने पत्त्यात ‘शिवाजीनगर बसस्थानकाजवळ’ असे छापले, तर बाहेरगावचा माणूस पहाटेच्या वेळी भलतीकडेच उतरण्याचा संभव असतो.

मेट्रोने या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. वनाज ते रामवाडी ही मार्गिका मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली. पिंपरी-चिंचवडहून येणारी दुसरी मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत सुरू झाली. दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळतात. परिणामी पुणे स्थानक, शिवाजीनगर, डेक्कन जिमखाना, स्वारगेट यांपैकी कोणत्याही मेट्रो स्थानकापासून पायी जाता येईल असे हॉटेल व्यवहारात मध्यवर्तीच ठरते. याउलट, नकाशावर जवळ दिसणारे पण केवळ रिक्षानेच गाठता येणारे हॉटेल सहभागींना महाग पडते.

आणखी एक बाब क्वचितच विचारात घेतली जाते. रात्रीच्या गाडीने निघालेला प्रतिनिधी पहाटे पाच-साडेपाचला शहरात पोहोचतो. हॉटेलची खोली मात्र सामान्यतः दुपारी बारा वा दोन वाजता ताब्यात मिळते आणि उद्घाटन दहा वाजता असते. स्नान कोठे करायचे, सामान कोठे ठेवायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून राखून ठेवल्या, त्यांत एक महिला प्रतिनिधींसाठी ठेवली, तर थोड्या खर्चात मोठी गैरसोय टळते. हॉटेलशी बोलणी करताना ही मागणी प्रारंभीच मांडावी. नंतर मांडल्यास तिचा दर वेगळा लागतो.

तारखेचा विचारही येथेच करावयास हवा. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीला, पेठांमधील प्रमुख रस्ते वाहतुकीसाठी बंद असतात. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतानाही मध्य शहरातील वाहतूक वळविली जाते. चर्चासत्रांची खरी अडचण मात्र लग्नसराईची आहे. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची घालायचे म्हणून चर्चासत्रे जानेवारी-फेब्रुवारीत दाटीवाटीने ठरतात आणि नेमके तेच दिवस विवाहमुहूर्तांचे असतात. मुहूर्ताच्या दिवशी हॉटेलला चर्चासत्राची गरज नसते. त्यामुळे दर उतरत नाही आणि सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी चार वाजताच सभागृह रिकामे करण्याची घाई केली जाते. समारोपाचे सत्र सुरू असताना शेजारी फुलांच्या कमानी उभ्या राहू लागतात, हा अनुभव अनेक आयोजकांना परिचित असेल. पंचांग पाहून मुहूर्त नसलेला दिवस निवडणे हा येथे सर्वस्वी व्यावहारिक निर्णय ठरतो.

सभागृहाची क्षमता

माहितीपुस्तिकेत छापलेली आसनक्षमता ही बहुधा नुसत्या खुर्च्या ओळीने मांडून काढलेली असते. त्या मांडणीत एका व्यक्तीला साधारण ८ ते १० चौरस फूट जागा धरली जाते. लिहिण्यासाठी समोर टेबल हवे असेल, तर हेच प्रमाण १५ ते १८ चौरस फुटांपर्यंत जाते. उदाहरणार्थ, २,००० चौरस फुटांच्या सभागृहाची क्षमता ‘२०० व्यक्ती’ अशी सांगितली जाईल. त्यातून व्यासपीठ, पडदा, ध्वनिव्यवस्था आणि येण्याजाण्याची वाट यांसाठी ४०० चौरस फूट वजा केल्यास आणि प्रत्येकी १६ चौरस फूट धरल्यास तेथे १०० जणच नीट बसू शकतात. भोजनाची व्यवस्था त्याच सभागृहाच्या मागील बाजूस असेल, तर ही संख्या आणखी घटते. शिवाय शेवटच्या निबंधवाचकाला भांड्यांच्या आवाजाशी स्पर्धा करावी लागते.

समांतर सत्रांसाठी एकाच सभागृहाचे सरकत्या भिंतीने दोन भाग करून दिले जातात. अशा भिंतीतून ध्वनिवर्धकाचा आवाज किती पलीकडे जातो, हे प्रत्यक्ष दोन्हीकडे ध्वनिवर्धक सुरू करूनच तपासावे.

दर, कर आणि महाविद्यालय

हॉटेलच्या दरपत्रकातील ‘अधिक कर’ हे दोन शब्द अंदाजपत्रकात सर्वाधिक गोंधळ घडवितात. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर त्यापुढील खोलीवर १८ टक्के आहे. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. मूळ दरात फरक २०० रुपयांचा, तर प्रत्यक्षात १,१९८ रुपयांचा.

भोजनाच्या बाबतीत नियम अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्या हॉटेलने मागील आर्थिक वर्षात एखादी तरी खोली प्रतिदिन ७,५०० रुपयांपेक्षा अधिक दराने दिली असेल, त्या वास्तूतील भोजनसेवेवर १८ टक्के कर लागतो. इतरत्र तो ५ टक्के असतो. ही व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. सभागृह भोजनाविना नुसते भाड्याने घेतल्यास त्यावर १८ टक्के कर येतो. समजा, ताटाचा दर ९०० रुपये आहे आणि १५० जणांचे दोन दिवस भोजन आहे. एकूण ३०० ताटांवर ५ टक्क्यांनी १३,५०० रुपये, तर १८ टक्क्यांनी ४८,६०० रुपये कर होईल. ताट तेच, पदार्थ तेच. फरक ३५,१०० रुपयांचा. व्यापारी कंपनीला असा कर काही परिस्थितीत वळता करून घेता येतो. पदवीचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाची शिक्षणसेवा करमुक्त असल्याने तिच्यासाठी भरलेला कर त्याला वळता करता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. म्हणून कंपन्यांच्या बैठकांसाठी सोयीचे असलेले मोठे हॉटेल महाविद्यालयालाही सोयीचे असेलच, असे मानता येत नाही. दरपत्रके मागविताना सर्व हॉटेलांकडून करासह अंतिम रक्कम मागवावी, अन्यथा तुलना निरर्थक ठरते.

सेवाशुल्काची ओळही वाचावी. ते देयकात आपोआप लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरविल्या.

हमीसंख्या व रद्दीकरण

हॉटेलशी होणाऱ्या करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे भोजनाची हमीसंख्या. १५० जणांची हमी दिली आणि ११० आले, तरी देयक १५० चेच येते. ९०० रुपये दराने ४० ताटांचे ३६,००० रुपये व ५ टक्के करासह ३७,८०० रुपये अशा रीतीने व्यर्थ जातात. नोंदणी केलेल्यांपैकी काही जण प्रमाणपत्रापुरतेच येतात आणि काही येतच नाहीत, हे अध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे हमीसंख्या अपेक्षेपेक्षा कमी ठेवून, वाढीव ताटे त्याच दराने मिळतील असे लेखी घेणे अधिक शहाणपणाचे आहे. अंतिम संख्या किती तास आधी कळवायची आणि न भरलेल्या खोल्या कोणत्या तारखेपर्यंत विनाशुल्क सोडता येतील, हेही करारात स्पष्ट असावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा आगाऊ रकमांचा प्रश्न सर्वत्र उद्भवला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ नुसार पार पाडणे अशक्य झालेला करार शून्य होतो आणि कलम ६५ नुसार मिळालेला लाभ परत करावा लागतो. तथापि कार्यक्रमास परवानगी नाकारली गेली, निवडणुकीच्या कामासाठी अध्यापकवर्ग बोलावला गेला किंवा विद्यापीठाने परीक्षेची तारीख बदलली, तर कलम ५६ चा आधार मिळेलच असे नाही. असे प्रसंग करारात नावानिशी लिहून तारीख बदलण्याची मुभा घेणे हिताचे ठरते.

मधला मार्ग

प्रत्येक गोष्ट एकाच छताखाली हवी, हा आग्रह मुळात तपासून पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या मध्यभागात जुनी महाविद्यालये आणि संशोधनसंस्था जवळजवळ आहेत. सत्रे अशा एखाद्या संस्थेच्या सभागृहात, निमंत्रित वक्त्यांचा मुक्काम चालत जाण्याच्या अंतरावरील साध्या हॉटेलात आणि इतर सहभागींना मुक्कामाचे शुल्क ऐच्छिक, अशी विभागणी केल्यास नोंदणीशुल्क लक्षणीयरीत्या खाली येते. पुण्यातच घर असलेल्या सहभागीने बाहेरगावच्या खोलीचा भार का उचलावा, याचे समाधानकारक उत्तर एकत्रित शुल्क आकारणाऱ्या आयोजकांपाशी नसते. ही विभागणी समितीचे काम वाढविते, हे खरे आहे. दोन ठिकाणी स्वयंसेवक लागतात आणि वेळापत्रक सैल सोडता येत नाही. तरीही दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी हीच व्यवस्था अधिक न्याय्य वाटते. पूर्णतः हॉटेलवर अवलंबून राहणे एका दिवसाच्या, मर्यादित निमंत्रितांच्या बैठकीसाठी समर्थनीय आहे.

प्रत्यक्ष पाहणी

मध्य शहरातील अनेक हॉटेले दाट वस्तीत, अरुंद रस्त्यांवर उभी आहेत. दिल्लीच्या करोलबाग भागातील एका हॉटेलला १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. त्याची प्रत मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अतिथींची जबाबदारी घेणाऱ्या महाविद्यालयाला ती पाहण्याचा नैतिक अधिकार निश्चितच आहे.

पाहणी शक्यतो कार्यक्रमाच्याच वेळी, दुसरा एखादा समारंभ सुरू असताना करावी. रिकाम्या सभागृहात सर्व काही प्रशस्त दिसते. आणीबाणीचे दार उघडते का की त्यापुढे जादा खुर्च्या रचल्या आहेत, वीज गेल्यावर जनित्रावर वातानुकूलन व प्रक्षेपक दोन्ही चालतात का, भोजनगृह वरच्या मजल्यावर असल्यास १०० माणसांना उद्वाहनातून जाण्यास किती वेळ लागतो, हे तेव्हाच कळते. सभागृहापर्यंत उतार असतो, परंतु व्यासपीठाला तीन पायऱ्या असतात. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या निबंधवाचकाला मग खालूनच निबंध वाचावा लागतो. व्यासपीठासाठी लाकडी उतार हॉटेल स्वतः देणार की महाविद्यालयाने आणायचा, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारून घ्यावे.