कायद्याचे शिक्षण कागदापासून सुरू होते

मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदनच्या खेड्यांतून आपली मुले-मुली विधी शाखेत प्रवेश घेत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु काळा कोट अंगावर चढला म्हणजे वकील घडला, असे होत नाही. पहिल्या वर्षी विद्यार्थी कलमे पाठ करतो, गाइड वाचून पासही होतो. पण अशिलाने कागदांची पिशवी समोर ओतली की सुरुवात कुठून करावी, हे त्याला उमगत नाही. या उणिवेची किंमत वकील मोजत नाही. गावकुसाबाहेरचा माणूस मोजतो.

गायरानाचेच उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यासह साऱ्या मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायराने कसून पोट भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट खुली केली. म्हणजे सारे प्रकरण एका तारखेवर उभे आहे. ‘आजोबांपासून कसतो’ हे अशील सांगणारच. ते शाबीत करणे ही वकिली. त्यासाठी गाव नमुना १-ई मधील नोंद, पीकपाहणी, दंडाच्या पावत्या, जुन्या नोटिसा शोधून तारीखवार लावाव्या लागतात. तारीखवार टिपण करणे हे पहिले कौशल्य.

दुसरे कौशल्य, निकाल शेवटपर्यंत वाचणे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि ठिकठिकाणी नोटिसा निघाल्या. अशा वेळी ‘सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे, आता काही होणार नाही’ असे सांगून अशिलाला परत पाठविणे सोपे असते. पण त्याच निकालाच्या अखेरीस अपवाद आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा मिळाला असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणी नियमानुकूल करण्यास तेथे जागा ठेवली आहे. हा अपवाद सर्वांनाच लागू पडेल असे नाही. परंतु वकिलाने तो वाचलाच नाही, तर मांडणार कोण? म्हणून प्रत्येक निकालाखाली वहीत चार गोष्टी लिहाव्यात: घटना काय, वादाचा मुद्दा कोणता, न्यायालयाने काय ठरविले आणि का ठरविले.

तिसरे, पुराव्याचा भार कोणावर, हे ओळखणे. महाडचा सत्याग्रह आपल्या घराघरात ठाऊक आहे. कोर्टातले महाड मात्र थोड्यांनाच. सवर्णांनी दिवाणी दावा लावून डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही, खटला लढविला. अस्पृश्यांना चवदार तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे वादींनी शाबीत करायचे होते. ते त्यांना जमले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. हजारो वर्षांच्या रूढीचा डंका पिटणाऱ्यांना कोर्टात पुरावा देता आला नाही!

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी महागडा क्लास लागत नाही. आठवड्याला एक निकाल मुळातून वाचा. कामकाजाच्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐका. एक अर्ज साध्या मराठीत, तारीख आणि गट क्रमांकासह लिहून पाहा. तोच मग इंग्रजीत लिहा. आणि ज्येष्ठ वकील बंधू-भगिनींनो, रविवारचे दोन तास विहारात या मुलांसाठी काढा. जयंतीच्या व्यासपीठावर आपल्याकडे वक्त्यांची वाण कधीच नव्हती. तहसीलच्या आवारात नोटीस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मात्र कागद वाचणारा हवा आहे.