मोत्या ऐकत का नाही?

तुमच्या घरी कुत्रा आहे का? असला तर पुढे वाचायच्या आधी एक गंमत करा. घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठा आणि विचारा, ‘‘कुत्र्याला खाली बसवायचं असलं की तुम्ही काय म्हणता?’’

आमच्या घरी मी हे विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘सिट डाऊन.’’ दादा म्हणाला, ‘‘सिट.’’ आई म्हणाली, ‘‘बैस रे.’’ आणि आजी? तिचं तर अख्खं वाक्यच, ‘‘बस की रे मेल्या आता एका जागी!’’ आता सांगा, बिचाऱ्या मोत्यानं बसायचं तरी किती भाषांत?

हा प्रश्न मला सुचला तो मात्र हसण्यासारख्या प्रसंगातून नव्हे. मोत्या आमचा साधा गावठी कुत्रा. एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि स्वारी थेट रस्त्यावर! ‘‘मोत्या, ये! मोत्या, ये!’’ असं ओरडत मी मागे धावलो. मी धावतोय म्हटल्यावर तो आणखी जोरात पळाला. समोरून ट्रक आला. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा चाकापासून हातभर अंतरावर मोत्या थरथरत उभा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हाक ऐकूनही तो आला का नाही? विचार करता करता उत्तर सापडलं. मी ‘ये’ म्हणून हाक मारायचो ती आंघोळ घालायला, साखळीला बांधायला, नाहीतर चप्पल कुरतडली म्हणून रागवायला. मोत्याच्या लेखी ‘ये’ म्हणजे ‘आता काहीतरी नकोसं होणार’! तो हट्टी नव्हता. चुकीचा धडा मीच त्याला शिकवला होता.

कुत्रा शिकतो कसा?

इव्हान पावलोव्ह हे रशियातले मोठे शास्त्रज्ञ. पचनक्रियेवरच्या संशोधनाबद्दल त्यांना 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या बाबतीत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसती ते येण्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग त्यांनी खाणं देण्याआधी दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकवला. काही दिवसांनी नुसत्या त्या आवाजानंही लाळ गळू लागली!

म्हणजे बघा, एखाद्या आवाजामागून काय घडतं, हे कुत्रा बरोबर लक्षात ठेवतो. शब्द मराठी आहे की इंग्रजी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून शब्द छोटा हवा, एकच हवा आणि घरात सर्वांनी तोच वापरायला हवा.

चला, शाळा भरवू या!

खाऊ तयार ठेवा. पोळी, गाजर किंवा उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतील. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा मात्र अजिबात नको. कुत्र्यांना ते विषासारखे बाधतात. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं, एवढी शाळा पुरे. कंटाळा त्यालाही येतो!

बस : खाऊ त्याच्या नाकाजवळ धरा आणि हात हळूहळू डोक्यावरून मागे न्या. नाक वर जाईल, तसं मागचं अंग आपोआप खाली टेकेल. टेकलं की लगेच ‘‘शाब्बास!’’ म्हणा आणि खाऊ द्या. उशीर केलात आणि तो उठून उभा राहिला, तर बक्षीस उभं राहण्याचं झालं! तो उड्या मारत असेल तर तुमचा हात फार वर आहे. पाठ दाबून बसवू नका. हे जमू लागलं, की हात नेण्याच्या आधी ‘‘बस’’ म्हणायला लागा.

थांब : बसल्यावर तळहात समोर धरून ‘‘थांब’’ म्हणा. मनात एक मोजा आणि खाऊ द्या. मग दोन मोजा, मग तीन. ते जमलं की एक पाऊल मागे सरका. मध्येच उठला तर रागावू नका. पुन्हा एकपासून सुरुवात करा.

ये : हा सगळ्यांत महत्त्वाचा धडा. आधी घरातच, दोन पावलांवरून आनंदानं हाक मारा. आला की कौतुक आणि खाऊ! मग अंगणात, लांब दोरी बांधून सराव करा. तो पळालाच तर मागे धावू नका. त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. उलट त्याला हाक मारत तुम्हीच दुसऱ्या दिशेला पळा. बहुतेक वेळा तोच तुमच्या मागे येईल. आणि एक शपथ घ्या, ‘ये’ म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही रागवायचं नाही. आंघोळ घालायची असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं.

हात दे : ही गंमत पाहुण्यांसाठी! मुठीत खाऊ लपवून मूठ त्याच्यासमोर खाली धरा. तो हुंगेल, चाटेल आणि शेवटी पंजा मारेल. पंजा लागला रे लागला की मूठ उघडा. दहा-वीस वेळा झालं की ‘‘हात दे’’ हे शब्द जोडा.

मारायचं नाही!

मार खाल्लेला कुत्रा हाताला भितो आणि भ्यालेला कुत्रा चावू शकतो. तो जेवत असताना किंवा झोपलेला असताना त्याला छेडू नका. हे प्रयोग रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यावर करू नका. आपल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या. कुठलाही कुत्रा चावलाच, तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लपवू नका!

आमच्या मोत्याचं काय झालं, असं विचारताय ना? स्वयंपाकघराच्या दारावर आम्ही कागद चिकटवला : ‘बस, थांब, ये, हात दे.’ चारच शब्द, सगळ्यांनी हेच वापरायचे. आजीनंसुद्धा! दोन-अडीच महिन्यांनी फाटक पुन्हा एकदा उघडं राहिलं. पलीकडून मांजर गेलं आणि मोत्या सुसाट निघाला. माझे पाय मागे धावायला निघाले होते, पण मी ते रोखले आणि नेहमीच्या आनंदी आवाजात हाक मारली, ‘‘मोत्या, ये!’’

रस्त्याच्या कडेला तो थबकला. एकदा मांजराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि शेपटी हलवत धावत माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याला तुकडा नाही, अख्खं अंडं मिळालं!

मग, तुमच्या दारावरच्या कागदावर कोणते चार शब्द लिहिणार?