जुने हत्यार, ओला मुलूख

बेळगावहून चोर्ल्याकडे जाणारा रस्ता जांबोटीला पोचला की दोन्ही बाजूंचे रान दाटत जाते. पुढे मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, त्यापुढे घाट आणि गोवा. दक्षिणेला भीमगडचे जंगल, ज्याला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्याचे चार महिने या पट्ट्यात घरातले कापडही धड वाळत नाही. भात आणि नाचणीच्या शेतात गवे आणि रानडुकरे उतरतात, जंगलाच्या वाटेवर अस्वलाची भीती असते. म्हणून या मुलखाची ओळखीची बंदूक म्हणजे ठासणीची. शिवाय बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. फौजेतून निवृत्त होऊन शेतीकडे वळलेली माणसे भोवतालच्या गावांत राहतात आणि परवान्याचे रिव्हॉल्व्हर हा त्यांना परका विषय नाही.

अशा जुन्या हत्याराविषयी दोन इच्छा नेहमी ऐकू येतात. एक, ते थोडे ‘सुधारून’ घ्यावे: नळी आखूड करावी, चाप हलका करावा, घोड्याचे टोक घासावे, म्हणजे कमरेला सहज बसेल. दुसरी, आहे तसेच नीट जपावे. माझे स्पष्ट मत आहे की पहिली इच्छा सोडून द्यावी आणि दुसरीसाठी आपण आज घेतो त्याच्या दुप्पट कष्ट घ्यावेत. कायदा हेच सांगतो आणि पोलादही.

कायद्याची रेघ

१९५९ चा शस्त्र अधिनियम ठासणीच्या बंदुकीला वेगळी जागा देतो. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना कलम १३ मध्ये स्वतंत्रपणे नमूद आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम गव्याला कडक संरक्षण देतो. त्यामुळे या बंदुकीचा खरा उपयोग बार काढून जनावर पिटाळण्यापुरता राहतो.

शस्त्रात फेरफार करणे आणि त्याची दुरुस्ती करणे या दोन्ही गोष्टी कलम ५ खाली येतात. त्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. नळी आखूड करण्यावर कलम ६ चे बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन्ही कलमांच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणजे ओळखीच्या लोहाराकडून किंवा लेथवाल्याकडून करून घेतलेले ‘छोटेसे काम’ परवानाधारकालाही तुरुंगाच्या दारात नेऊ शकते. कलम ८ तर अनेकांच्या गावीही नसते. शस्त्रावरचा क्रमांक किंवा खूण पुसणे, बदलणे हा गुन्हा आहे. गंज काढताना नळी जोरात घासली, नवे पॉलिश चढवले आणि त्यात क्रमांक पुसट झाला, तर हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसावे लागते.

मीठ आणि ओलावा

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू जळून पूर्णपणे वायूत बदलत नाही. निम्म्याहून अधिक वजन घन रूपातच राहते, त्यातले काही धुराबरोबर जाते आणि काही मळी होऊन नळीत बसते. या मळीतले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. जांबोटीच्या श्रावणात एक बार काढून बंदूक तशीच कोपऱ्यात टेकवली, तर थोड्याच काळात नळीला आतून गंज धरू लागतो. पुष्कळ जण यावर लगेच तेल घालतात, पण क्षार तेलात विरघळत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. म्हणून आधी नळी रिकामी असल्याची खात्री, मग गरम पाण्याने धुणे, गजाला कोरडी चिंधी लावून पूर्ण पुसणे आणि शेवटी पातळ यंत्रतेलाचा हलका हात, हा क्रम मोडू नये. खोबरेल वापरू नये. ते थिजते, चिकटते आणि घोड्याची हालचाल जड करते.

रिव्हॉल्व्हरच्या जुन्या फौजी काडतुसांतही हाच धोका होता. त्यांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे बार उडाल्यावर क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. आज सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. त्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसले, तर ते पुण्याजवळच्या खडकीचे, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्याचे. काडतूस कोणतेही असो, पितळेवर हिरवट डाग आलेले आणि ओल खाल्लेले काडतूस भरू नये.

आतली यंत्रणा

ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर मधोमध उघडते. बिजागरीवर नळी खाली झुकते आणि रिकामी टरफले एकदम बाहेर येतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर याच घराण्यातले. अशा शस्त्रात वरची कडी सैल झाली किंवा बिजागरी झिजली, तर प्रत्येक बाराचा धक्का ती झीज वाढवतो. दुसरी जागा सिलिंडरची. घोडा मागे जाताना पुढचा कोठा नळीच्या नेमका समोर येऊन अडकला पाहिजे. तो केसभर हुकला तरी गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. चाप हलका व्हावा म्हणून कमान कापली, तर घोड्याचा ठोका कमजोर पडतो आणि ऐन वेळी काडतूस फुसके जाते. हे दोष घरी सुधारण्याचे नाहीत. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने तपासून द्यावे आणि त्याने ‘आता पुरे’ म्हटले तर ऐकावे.

रोज बाळगताना

काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यात अडसर नसतो. ते हातातून पडले तर बार उडू शकतो. अशा शस्त्रात घोड्याखालचा कोठा रिकामा ठेवण्याची जुनी शिस्त आजही पाळावी. सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे, असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. घरी आल्यावर मात्र चामड्याच्या होल्स्टरमधून ते काढावे, कारण पावसाळ्यात चामडे ओल धरून ठेवते. शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. या भागात गोवा आणि महाराष्ट्रातले चंदगड दोन्ही जवळ, म्हणून राज्याची सीमा ओलांडण्याआधी परवान्यावर लिहिलेले क्षेत्र वाचावे.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या वेळी कागद तपासला जातो, तसे जाणकार आर्मररने शस्त्रही उघडून तपासावे आणि तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्याआधी अशी तपासणी व्हावी, ही मागणी जंगलकाठच्या शेतकऱ्यांनी आणि माजी सैनिकांनी एकत्र येऊन करायला हवी. ज्याचे हत्यार धोकादायक झाले आहे, त्याला ते निमूटपणे जमा करण्याची सोपी वाट मिळेल. ज्याचे चांगले आहे, त्याला चोरून दुरुस्ती करण्याची गरज उरणार नाही.