हवेची उशी : अर्थ आणि उपयोग

हवेची उशी म्हटलें कीं आजाऱ्याच्या खोलींतील रबरी उशी डोळ्यांपुढें येते. परंतु ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील पुष्कळ मंडळी रोज अशाच उशीच्या आधारानें प्रवास करतात, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. २००७ पासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या डब्यांखालीं पोलादी स्प्रिंगांच्या जोडीला दाबलेल्या हवेनें भरलेले रबरी फुगे असतात.

हवा दाबली कीं आकुंचन पावते, आणि दाब काढतांच पुन्हां पसरते. शिवाय कोंडलेल्या हवेचा दाब सर्व दिशांना सारखा असतो. म्हणून एका जागीं पडलेला भार ती मोठ्या पृष्ठभागावर वांटून देते. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं जिचें पेटंट घेतलें, त्या सायकलीच्या हवेच्या धांवेचेंहि मर्म हेंच.

नव्या लोकलमध्यें आणखी एक युक्ति आहे. ठाण्यास गर्दी शिरून डबा खालीं बसूं लागला, कीं एक झडप आपोआप उघडून फुग्यांत अधिक हवा सोडते. पुढें डोंबिवली-कल्याणला माणसें उतरलीं, कीं जादा हवा बाहेर पडते. डब्याची उंची त्यामुळें जवळजवळ कायम राहते.

आतां आजाऱ्याकडे वळूं. अंथरुणास खिळलेल्या माणसाचें माकडहाड किंवा टांच एकाच जागीं टेकून राहिली, तर हाड आणि गादी यांमध्यें कातडी दाबली जाऊन रक्त पोंचत नाहीं, व शय्याव्रण होतो. त्यावर मध्यें भोंक असलेली रबरी उशी पूर्वी सर्रास वापरीत. आतां ती टाळावी असें तज्ज्ञ सांगतात. कारण तिच्या कडेवर दाब वाढून मधल्या भागाचेंच रक्त अडतें. तिच्याऐवजीं आळीपाळीनें फुगणाऱ्या कप्प्यांची, विजेच्या पंपावर चालणारी गादी मिळते.

मात्र गादी फार फुगविली तर ती टणक होते, आणि हवा कमी पडली तर अंग तळाला टेकतें. वीज गेली कीं पंपहि थांबतो. म्हणून गादी असली तरी आजाऱ्याची कूस वेळोवेळीं बदलावी आणि कातडी रोज पाहावी. बोटानें दाबूनहि न जाणारी लाली दिसली, तर ती पहिली सूचना समजून डॉक्टरांस लगेच दाखवावें. डब्याखालची झडप जें काम आपोआप करते, तें घरीं शुश्रूषा करणाऱ्यानेंच करावयाचें असतें.